गाव सांभाळलेल्यांचा गौरव: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

माजी सरपंच, नगराध्यक्ष, ग्रामसेवक, पोलीस पाटील अशी माणसे जातात किंवा निवृत्त होतात, तेव्हा गावाला त्यांच्यासाठी काहीतरी मनापासून करायचे असते. नेमके काय करावे, कशाला परवानगी लागते, कुठे घोटाळा होतो, याबद्दल आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: आमचे माजी सरपंच नुकतेच वारले. पंचवीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी गाव सांभाळले. पहिल्या पुण्यतिथीला स्मृतिग्रंथ काढायचा आहे. लेख मागवले, पण प्रत्येक लेखात 'मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, अजातशत्रू' एवढेच येते. काय चुकते आहे? (एक वाचक, सातारा जिल्हा)

क्रम चुकला आहे. लेख मागवण्याआधी कालपट, म्हणजे कोणत्या वर्षी काय काम झाले याची नोंद, तयार हवा. हातात तारखा आणि कामे नसली की लिहिणारा विशेषणांकडे वळतो, त्यात त्याचा दोष नाही.

एक मोठी वही घ्या, डाव्या पानावर वर्ष आणि उजव्या पानावर त्या वर्षातले काम. प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून मिळाली ते लिहा: ठराव, कोनशिला, फोटो की कुणाची आठवण. शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. नुसत्या आठवणीवर उभ्या असलेल्या नोंदी पेन्सिलने लिहा आणि कागद सापडला की शाईने पक्क्या करा.

पहिला कागद म्हणजे ग्रामपंचायतीचे इतिवृत्त, ज्याला सगळे प्रोसिडिंग बुक म्हणतात. मासिक सभेचे वेगळे असते आणि ग्रामसभेचे वेगळे, दोन्ही पाहा. ठरावाला सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कोणाचा, हे तिथेच कळते. त्यानंतर सामान्य रोकड वही, म्हणजे नमुना ५. काम ठरले पण झाले का, याचे उत्तर खर्चाच्या नोंदीत असते. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे जुने अहवाल पंचायत समितीत मिळाले तर तेही सोडू नका. त्यांत कामांचा आणि रकमांचा उल्लेख असतो, आणि गावातली वही वाळवीने खाल्ली असली तरी अहवालाची प्रत तालुक्याला शिल्लक असू शकते.

दफ्तर पाहायला मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. २००५ च्या या कायद्यानुसार उत्तराची मुदत ३० दिवस आहे. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचे शुल्क आहे, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. 'सरपंचांच्या कार्यकाळातील सर्व माहिती द्या' असे लिहिलेत तर माहिती विस्तृत असल्याचे कारण देऊन अर्ज परत येण्याची शक्यता असते. त्याऐवजी 'सन अमुक ते अमुक या काळातील ग्रामसभा इतिवृत्त पाहण्यास मिळावे' असे लिहा. आधी दफ्तराची पाहणी करायची, हव्या त्या पानांना खुणा करायच्या आणि तेवढ्याच प्रती मागायच्या. पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात.

कोनशिलांचे फोटो काढा, पण त्यांच्यावरच्या तारखेला भुलू नका. कोनशिलेवर बहुधा भूमिपूजनाची तारीख असते. इमारत दोनतीन वर्षांनी उभी राहिलेली असू शकते. काम पूर्ण कधी झाले ते पूर्णत्वाच्या दाखल्यावर किंवा मोजमाप पुस्तिकेत मिळते. शाळेची, समाजमंदिराची किंवा विहिरीची जागा कोणी दिली हे शोधायला तलाठ्याकडची फेरफार नोंद, म्हणजे गाव नमुना ६, पाहा. जागा देणाऱ्याचे नाव कोनशिलेवर क्वचितच असते. सरपंचांच्या ग्रंथात ते यायला हवे, कारण त्यांनी ज्या माणसाला जागेसाठी राजी केले, त्या माणसाचाही त्या कामात वाटा आहे.

प्रश्न: जुनी माणसे गोष्टी छान सांगतात, पण वर्ष विचारले की 'फार वर्षं झाली' म्हणतात. तारखा कशा बसवायच्या? (एक वाचक, धाराशिव जिल्हा)

वर्ष विचारूच नका. अख्ख्या गावाला आठवणाऱ्या घटनांच्या आधी की नंतर, ते विचारा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. दुष्काळ बाहत्तरचा. आणीबाणी २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे झाला, तुमच्या भागात तो विसरलेला माणूस सापडणार नाही. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झाले, तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये. 'टाकी झाली तेव्हा गाडगेबाबा अभियानाची समिती आली होती का?' या प्रश्नाला लगेच उत्तर मिळते. घरातली लग्ने आणि जन्मही उपयोगी पडतात, कारण मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर तारीख पक्की असते.

मुलाखतीत 'ते कसे होते?' हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा: नळ येण्यापूर्वी पाणी कुठून आणत होता? पाइपलाइन कोणाच्या शेतातून गेली? तो शेतकरी अडून बसला तेव्हा त्याची समजूत कोणी काढली? पहिल्या दिवशी पाणी कुठल्या आळीला सोडले? अशा उत्तरांतून माणूस दिसतो. एकाच प्रसंगाबद्दल दोन माणसांना वेगवेगळे बसवून विचारा. चारजण एकत्र बसले की सगळ्यात मोठ्या आवाजाची आठवण खरी ठरते आणि शेजारी बसलेली बाई काही बोलतच नाही. एका बैठकीला पाऊण तास पुष्कळ झाला, वृद्ध माणूस त्यानंतर थकतो आणि हो ला हो म्हणू लागतो. फोनवर ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद ठेवा, फोन मऊ कापडावर ठेवा आणि सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगा.

प्रश्न: 'सलग तीस वर्षे सरपंच' असे फलकावर लिहायचे आहे. चालेल ना? (एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

मोजून पाहिल्याशिवाय लिहू नका. ग्रामपंचायतीची मुदत पाच वर्षांची असते, पण मधल्या काळात निवडणुका लांबून प्रशासक आलेले असतात. २०२० मध्ये करोनामुळे राज्यभर असे झाले. कधी अविश्वास ठरावाने पद गेलेले असते, कधी आरक्षणामुळे दुसऱ्याकडे गेलेले असते. शिवाय २०१७ पर्यंत सरपंच सदस्यांतून निवडला जाई, त्यामुळे मतदानाची तारीख म्हणजे सरपंच झाल्याची तारीख नव्हे. निवड नव्या पंचायतीच्या पहिल्या सभेत होत असे, आणि त्या सभेचे इतिवृत्त हाच खरा आधार. थेट निवडणूक २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली, हेही ध्यानात ठेवा.

कार्यकाळ तुटक असेल तर तुटकच लिहा. 'सन अमुक ते अमुक आणि पुन्हा अमुक ते अमुक' यात काही उणेपणा नाही. पद गेल्यावरही लोकांनी परत निवडून दिले, हा तर मोठाच मान आहे.

प्रश्न: आमच्याकडे दोन मुदती सरपंचपद महिलांसाठी राखीव होते. तेव्हा आमच्या माजी सरपंचांच्या पत्नी सरपंच होत्या, पण कारभार तेच पाहत. ग्रंथात तो काळ त्यांच्याच नावावर धरावा असे कुटुंबाचे म्हणणे आहे. (एक वाचक, जळगाव जिल्हा)

धरू नये. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पंचायत संस्थांत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. त्या दोन मुदतींत ठरावांवर सही त्यांच्या पत्नीची आहे, धनादेशावर ग्रामसेवकाबरोबर सही त्यांची आहे, आणि काही चुकले असते तर चौकशीची नोटीसही त्यांच्याच नावाने आली असती. जबाबदारी ज्यांनी घेतली, कार्यकाळ त्यांचा.

त्यांच्यासाठी ग्रंथात वेगळे प्रकरण ठेवा. शीर्षकात 'यांच्या पत्नी' नको, त्यांचे नाव आणि त्यापुढे 'सरपंच, सन अमुक ते अमुक'. त्या हयात असतील तर मुलाखत त्यांच्या एकट्यांची घ्या. मुले किंवा दीर खोलीत असतील तर उत्तरे तेच देतात. पहिल्या ग्रामसभेत काय वाटले, तालुक्याला बैठकीला एकट्या कधी गेल्या, कुठल्या ठरावावर घरच्यांशी मतभेद झाला, हे विचारून पाहा. दोघांनी मिळून कारभार केला असेल तर तसेही स्वच्छ लिहिता येते. ग्रंथ वाचणाऱ्या गावातल्या मुलींना हे प्रकरण सरपंचांच्या प्रकरणाइतकेच मोलाचे वाटेल.

प्रश्न: माजी सरपंचांच्या अंत्ययात्रेत पार्थिवावर तिरंगा ठेवावा आणि ग्रामपंचायतीवरचा राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवावा अशी तरुणांची इच्छा होती. वडीलधाऱ्यांनी अडवले. कोण बरोबर? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

वडीलधारे. पार्थिवावर राष्ट्रध्वज फक्त शासकीय इतमामातील, सैन्यदलांच्या किंवा निमलष्करी दलांच्या अंत्यविधीतच वापरता येतो. इतरत्र तसे करणे १९७१ च्या राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा ठरतो. ध्वज अर्ध्यावर उतरवण्याचा निर्णयही शासनाच्या आदेशानेच होतो, ग्रामपंचायत तो स्वतः घेऊ शकत नाही. शासकीय इतमाम द्यायचा की नाही हे राज्य शासन ठरवते, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जावे लागते आणि हाताशी वेळ फारच थोडा असतो.

हाच विचार छापील साहित्यालाही लागू आहे. निमंत्रणपत्रिका, मानपत्र, फलक यांवर चार सिंहांची राजमुद्रा छापू नका. २००५ च्या कायद्याने तिच्या वापरावर बंधने आहेत आणि गावच्या सत्कार समितीला तो अधिकार नाही.

प्रश्न: शोकप्रस्ताव कसा मांडायचा आणि कसा लिहायचा? नमुना द्याल का? (एक ग्रामपंचायत सदस्य, नाशिक जिल्हा)

सभेच्या सुरुवातीला, इतर विषयांच्या आधी. अध्यक्ष स्वतः प्रस्ताव वाचतात, इच्छुक सदस्य थोडक्यात बोलतात, सगळे उभे राहून दोन मिनिटे स्तब्धता पाळतात आणि मग ठराव इतिवृत्तात नोंदवला जातो. शोकप्रस्तावावर मतदान घेत नाहीत. ग्रामसभेत मांडणार असाल तर नोटीस किमान सात दिवस आधी निघायला हवी आणि गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, हवी: मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी असेल ते. प्रत्यक्षात तासभर आधी दवंडी देऊन माणसे जमवली जातात आणि मग ठरावाला कागदोपत्री अर्थ राहत नाही. घाई असेल तर मासिक सभेत मांडा आणि पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा.

मजकूर असा असावा:

'या गावचे माजी सरपंच श्री. ______ यांचे दि. ______ रोजी वयाच्या ______ व्या वर्षी निधन झाले. सन ______ ते ______ या काळात त्यांनी सरपंच म्हणून काम केले. त्यांच्या कार्यकाळात ______ ही पाणीपुरवठा योजना पूर्ण झाली, ______ वस्तीला रस्ता झाला आणि शाळेच्या ______ खोल्या बांधल्या गेल्या. ______ च्या दुष्काळात त्यांनी ______ केले. ही सभा त्यांच्या निधनाबद्दल तीव्र दुःख व्यक्त करते आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहे. ठरावाची प्रत कुटुंबीयांना देण्यात यावी.'

एवढे पुरे. रिकाम्या जागा वहीत पाहून भरा. 'गावाचा सर्वांगीण विकास केला' हे वाक्य कोणाच्याही ठरावात बसते, म्हणून ते त्यांच्या ठरावात नको. प्रत कुटुंबाला देताना ती सही-शिक्क्यानिशी द्या आणि घरी जाऊन हातात द्या, शिपायाबरोबर पाठवू नका.

प्रश्न: माजी सरपंचांच्या स्मरणार्थ चौकात पुतळा, शाळेला नाव की रस्त्याला नाव, यावर गावात तीन तट पडले आहेत. नियम काय सांगतात? (एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

चौकातल्या पुतळ्याचा विचार आधीच बाजूला ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे किंवा बांधकामे उभारण्यास परवानगी देऊ नये असा आदेश दिला आहे. दुसऱ्या जागेवर उभारायचा तरी वाट लांबची आहे: स्थानिक संस्थेचा ठराव, जागेच्या मालकीचे कागद, पोलिसांचा अभिप्राय, कला संचालनालयाकडून मातीच्या नमुन्याला मान्यता, देखभालीची लेखी हमी आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीची परवानगी. परवानगीशिवाय रातोरात बसवलेला पुतळा प्रशासनाला हलवावा लागतो, तेव्हा बंदोबस्तात कापडात गुंडाळलेला तो पुतळा कुटुंबाला पाहावा लागतो. ज्या माणसाचा मान ठेवायचा, त्याच्या वाट्याला हे येऊ देऊ नका.

रस्त्याचे नाव देण्याआधी रस्ता कोणाचा ते पाहा. गावठाणातला रस्ता ग्रामपंचायतीचा असतो, तिथे ग्रामसभेचा ठराव पुरतो. गावाला जोडणारा ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग सहसा जिल्हा परिषदेकडे असतो, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. दुसऱ्याच्या रस्त्यावर लावलेला फलक रुंदीकरणात पहिल्यांदा जातो. शहरात नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, आणि तिथे एका रस्त्याला आधीच नाव असते पण कोणाच्या लक्षात नसते, असे वारंवार होते. जुने ठराव तपासल्याशिवाय नवे नाव सुचवू नका.

शाळा जिल्हा परिषदेची असेल तर नाव बदलण्याचा अधिकार तिचाच. नाव बदलले की मुलांचे दाखले, शिक्के, शासकीय नोंदी सगळे बदलावे लागते. आमचा कल वेगळ्याच गोष्टीकडे आहे: त्यांनी उभ्या केलेल्या पाण्याच्या टाकीवर, विहिरीवर किंवा वाचनालयावर माहितीचा फलक लावा. दोन फूट बाय तीन फूट आकाराचा ग्रॅनाइटचा किंवा स्टेनलेस स्टीलचा फलक, ८० ते १०० शब्दांचा मजकूर: योजना कधी मंजूर झाली, कधी पूर्ण झाली, तेव्हाचे सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक आणि जागा देणारे कोण, किती घरांना पाणी मिळते. फ्लेक्स नको, दोन पावसाळ्यांत त्याचे अक्षर उडते. कोरलेले अक्षर किमान पाऊण इंच उंच असावे, नाहीतर चार पावलांवरून वाचता येत नाही. कोरण्याआधी मजकूर मूळ आकारात कागदावर छापून जागेवर चिकटवा आणि मजकूर माहीत नसलेल्या दोघांकडून वाचून घ्या. दगडातली चूक दुरुस्त होत नाही.

कामाची नोंद ठेवण्याची चांगली रीत हिवरे बाजारने दाखवली आहे. पोपटराव पवार तिथे १९८९ पासून कारभारात आले आणि त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्या गावाची ओळख सांगताना कोणीही आधी पाण्याचा ताळेबंद सांगतो, कारण पाऊस किती पडला आणि पिकांना किती पाणी परवडेल हा हिशेब गावापुढे मांडला जातो. तुमच्या सरपंचांच्या काळातल्या विहिरींच्या पाण्याची पातळी, टँकर बंद झाल्याचे वर्ष, शाळेतला मुलींचा पट यांतली एखादी नोंद सापडली तर ती फलकावर यायलाच हवी.

प्रश्न: आमचे ग्रामसेवक निवृत्त होत आहेत. गावाने जाहीर सत्कार करून दुचाकी भेट द्यायचे ठरवले आहे. (एक वाचक, बीड जिल्हा)

दुचाकी नको आणि सत्कार निवृत्तीनंतरच्या दिवशी ठेवा. सेवेत असलेल्या कर्मचाऱ्याला वर्तणूक नियम लागू असतात. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे आणि राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे नियम आहेत. स्वतःच्या सन्मानार्थ जाहीर सभा, मानपत्र किंवा मौल्यवान भेट स्वीकारण्याला त्यांत पूर्वपरवानगी लागते. निवृत्ती किंवा बदलीच्या वेळचा साधा, घरगुती स्वरूपाचा निरोप समारंभ चालतो. निवृत्त होता होता आलेल्या एका तक्रारीमुळे निवृत्तिवेतनाचे कागद अडकले तर गावाच्या प्रेमाचा त्यांनाच त्रास होतो.

मानपत्र, शाल, श्रीफळ आणि त्यांनी स्वतः लिहिलेल्या दफ्तराच्या काही पानांच्या प्रतींची नीट बांधलेली फाइल, ही भेट पुष्कळ झाली. ग्रामसेवकाला अनेक गावे बदलावी लागतात, त्यामुळे आधीच्या गावांतूनही एकेक माणूस बोलवा. पदनाम छापताना काळजी घ्या. ते नेमणुकीला ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी असतील, आणि २०२४ पासून हे पद ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे. पत्रिकेवर आजचे पदनाम आणि मानपत्रात नेमणुकीपासूनचा प्रवास, अशी विभागणी बरोबर बसते.

मानपत्र २५० ते ३०० शब्दांचे असावे. व्यासपीठावरून सावकाश वाचायला तीन मिनिटे लागतात, त्यापुढे सभागृह चुळबुळू लागते. नाव त्यांच्या सहीतल्यासारखे लिहा. आधार कार्डावर एक, सेवापुस्तकात दुसरे आणि गावात तिसरेच असे नाव असते, म्हणून त्यांनाच विचारा. वाचन ज्याने करायचे त्याने ते आदल्या दिवशी दोनदा मोठ्याने वाचलेले असावे.

प्रश्न: श्रद्धांजली सभा तीन-तीन तास लांबते. कशी आवरायची? (एक वाचक, पुणे जिल्हा)

दीड तासाचे बांधा: स्वागताला पाच मिनिटे, शोकप्रस्तावाला दहा, सहा वक्त्यांना प्रत्येकी आठ, छायाचित्रे पडद्यावर दाखवायला दहा, कुटुंबाच्या वतीने एकाला पाच, आणि स्तब्धता. उरलेला वेळ उशिरात जातोच. वक्ते निवडताना सहापैकी किमान तिघे व्यासपीठावर एरवी न बसणारे घ्या: पाणी सोडणारा कर्मचारी, अंगणवाडी सेविका, रोजगार हमीच्या कामावर राबलेली बाई. आमदार-खासदार आले तर त्यांना आधी बोलू द्या, नाहीतर त्यांची वाट पाहण्यात सभा जाते आणि ते निघाले की अर्धे लोकही निघतात. निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर शासकीय जागा, शासकीय वाहन आणि ग्रामपंचायतीचा पैसा यांपैकी काहीही वापरू नका. तहसील कार्यालयात आधी विचारून घ्या.

प्रश्न: ग्रंथाची छपाई आणि जुने फोटो, याबद्दल काय सांभाळावे? (एक वाचक, सांगली जिल्हा)

फोटो आधी. मूळ फोटो अल्बममधून ओढून काढू नका, चिकटलेला असेल तर अल्बमसकट स्कॅन करा. पासपोर्ट आकाराचा फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) घ्या, म्हणजे दुप्पट मोठा केला तरी छपाईला लागणारे ३०० उरते. पोस्टकार्ड आकाराला ३०० पुरते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि छापल्यावर चेहरे चिखलासारखे दिसतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मागे नाव लिहायचे तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. समूहचित्रातली नावे डावीकडून उजवीकडे, ओळीनुसार लिहा आणि न ओळखलेल्या माणसाची जागा 'अज्ञात' म्हणून ठेवा. नाव गाळले की पुढची सगळी नावे एकेक घर सरकतात, ही चूक वारंवार होते.

पुस्तक एक अष्टमांश डेमी आकारात करा. सोळा पानांचा एक फॉर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा, होतो, म्हणून एकूण पाने सोळाच्या पटीत ठेवा: ९६, ११२ किंवा १२८. मजकुराला ७० जीएसएम (कागदाच्या जाडीचे, म्हणजे वजनाचे माप) मॅपलिथो कागद, फोटोंच्या वेगळ्या फॉर्म्याला १३० जीएसएम आर्ट पेपर, मुखपृष्ठाला ३०० जीएसएम आर्ट कार्ड. सव्वाशे पानांच्या पुढे गेलात तर शिवून बांधणी मागा. नुसत्या चिकटवलेल्या पुस्तकाची पाने उन्हाळ्यात सुटतात.

मुद्रितशोधनात एक जागा धोक्याची आहे. लेख युनिकोडमध्ये आलेले असतात आणि छपाईवाल्याकडे बहुधा जुना फाँट असतो. रूपांतर करताना रफार पुढच्या अक्षरावर जातो, 'ऱ्या' तुटतो, 'ॲ' हरवतो आणि आकडे कधी इंग्रजी होतात. म्हणून शेवटचे मुद्रित रूपांतरानंतरच तपासा, आणि नावे, तारखा, आकडे यांची एक फेरी वेगळी करा. मजकूर वाचताना डोळा आकड्यांवरून घसरतो.

पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, हवा असेल तर तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, मध्यस्थाला पैसे देऊ नका. छपाईच्या दोनतीन महिने आधी अर्ज केलेला बरा. पुस्तक प्रकाशित झाल्यावर १९५४ च्या कायद्यानुसार ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्याने ठरवलेल्या इतर ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते.

प्रश्न: पैसा कुठून उभा करायचा? ग्रामपंचायतीच्या निधीतून खर्च टाकता येईल का? (एक वाचक, नांदेड जिल्हा)

टाकू नका. वित्त आयोगाचा पैसा ठरलेल्या कामांसाठीच असतो, आणि ग्रामनिधीतून सत्कारावर केलेल्या खर्चाला लेखापरीक्षणात आक्षेप निघून ती रक्कम आजच्या सरपंच-ग्रामसेवकांकडून वसूल व्हायची वेळ येते. वर्गणी काढायची तर समितीच्या नावाने बँक खाते उघडा, दोघांच्या सहीने व्यवहार ठेवा, क्रमांक घातलेली पावती पुस्तके वापरा आणि हिशेब कार्यक्रमानंतर महिन्याभरात चावडीवर लावा. धर्मादाय कामासाठी सार्वजनिक वर्गणी काढायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, म्हणून शिष्यवृत्ती किंवा वाचनालय असा कायमचा उद्देश असेल तर आधी तालुक्याच्या वकिलाला भेटा. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायची तर किमान सात सदस्य लागतात. गावातली नोंदणीकृत शिक्षणसंस्था किंवा वाचनालय विश्वासाचे असेल तर नवी संस्था न काढता निधी त्यांच्याकडे वेगळ्या खात्याखाली ठेवणे सोपे पडते. वर्गणीची रक्कम फलकावर लिहू नका. शंभर रुपये देणाऱ्या शेतमजुराचे नाव लाख देणाऱ्याशेजारी, आडनावांच्या अकारविल्हे, तसेच्या तसे यावे.

प्रश्न: आमच्या माजी सरपंचांच्या काळात एका कामावरून चौकशी झाली होती. ग्रंथात तो विषय घ्यावा का? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

चौकशीचा निकाल लागलेला असेल तर दोन वाक्यांत घ्या: आरोप काय होता, कोणत्या वर्षी, निष्कर्ष काय आला, आदेशाची तारीख. वगळलात तर वाचणारा गावकरी बाकीच्या पानांवरचाही विश्वास काढून घेतो. निकाल लागला नसेल किंवा कागद हाती नसेल तर ऐकीव काही लिहू नका. मृत व्यक्तीवरचे बदनामीकारक लिखाणही, कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेले असले, तर कायद्याने गुन्हा ठरू शकते. विरोधकांकडून मात्र जरूर एक लेख मागा. निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेल्या माणसाने लिहिलेली दोन पाने आप्तांच्या वीस पानांपेक्षा जास्त सांगतात, आणि असे लोक विचारल्यावर बहुधा नाही म्हणत नाहीत. त्यांचा लेख कापू नका, मुद्रितही त्यांना दाखवूनच छापा.

प्रश्न: काम झाल्यावर गोळा केलेले कागद, ध्वनिमुद्रणे, फोटो यांचे काय करायचे? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

मूळ वस्तू ज्याची त्याला यादीवर सही घेऊन परत द्या. स्कॅन आणि ध्वनिफिती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक कुटुंबाकडे आणि दुसरी शाळेत किंवा वाचनालयात, आणि वर्षातून एकदा दोन्ही उघडून पाहा. फाइलला 'आयएमजी ००३४' नको, '१९८६ पाणीयोजना उद्घाटन' असे नाव द्या. कालपटाची ती वही झेरॉक्स करून ग्रामपंचायतीला द्या आणि दिल्याची पोच घ्या. कागदाला लॅमिनेशन करू नका आणि फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून अक्षर खातो. कोकणातल्या दमट हवेत कपाटाच्या तळाशी काही ठेवू नका. कागद जमिनीपासून दोन फुटांवर, भिंतीपासून चार बोटे लांब आणि पावसाळ्यानंतर एक दिवस सावलीत पसरून वारा दिलेले असावेत.